गंज, रंग आणि तोच ट्रक

जुन्या ट्रकच्या केबिनला आतून गंजरोधक रंग देणे हे गॅरेजमधले रोजचे काम आहे. पण भारतीय दर्शनांनी शतकानुशतके घोळवलेला एक प्रश्न त्यात जसाच्या तसा उभा राहतो: रूप बदलले, भाग बदलले, तरी वस्तू तीच राहते का?

केबिनमधली रबरी मॅट उचलली की खालचा पत्रा दिसतो. चिखलाच्या पायांबरोबर आत आलेले पाणी मॅटखाली मुरून राहते. सीटच्या बोल्टांभोवती, पेडलखाली आणि वेल्डिंगच्या सांध्यांत पत्रा आधी सडतो. कोकण किनाऱ्यावर मासळी वाहणाऱ्या गाड्यांत खारट पाण्यामुळे हे फार लवकर होते. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून बनणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. त्यामुळे जुना रंग फुगतो, पोपडे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. पोपड्यांवरूनच नवा रंग फासला तर तोही लवकर सुटतो. म्हणून पत्रा आधी तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासतात, थिनरने पुसतात आणि पुन्हा गंज धरायच्या आत रेड ऑक्साइडचा हात देतात. त्यावर इनॅमल.

सकाळी काळपट असलेला तळ संध्याकाळी लालसर झालेला असतो. मग बदल नेमका कशात झाला? न्याय आणि वैशेषिक दर्शनांत हा वाद मडक्यावरून झाला. कच्चे मडके काळसर असते, भाजल्यावर लाल होते. वैशेषिकांच्या मते आगीत मडके परमाणूंपर्यंत विरते, रंग परमाणूंत बदलतो आणि त्यांतून नवे मडके घडते, हा पीलुपाकवाद. नैयायिकांचा पिठरपाकवाद सांगतो की मडके अखंडच असते आणि त्या अख्ख्या मडक्याचाच रंग पालटतो. भट्टीच्या छिद्रातून पाहिले तर मडके कुठे विरलेले दिसत नाही, आणि बाहेर काढल्यावर ‘हे तेच’ अशी ओळखही पटते, हा त्यांचा आधार. अनुभवाला धरून चालणारा हा पक्ष अधिक सबळ आहे.

ट्रकच्या तळाला मात्र हा विचार दोनदा लावावा लागतो. रेड ऑक्साइडचा लाल रंग हा पत्र्याचा गुण नाही. तो लेप म्हणजे वेगळे द्रव्य. त्याचा पत्र्याशी केवळ संयोग होतो, आणि खरवडले की संयोग संपतो. गंजाचे तसे नाही. तिथे लोखंडच पालटते. त्याची चकाकी जाते, चिवटपणा जातो, भार पेलण्याची ताकद जाते. डोळ्यात भरणारा बदल वस्तूला स्पर्शही करत नाही, आणि मॅटखाली कुणाला न दिसणारा बदल तिच्या मुळाशी जातो. वस्तूच्या तेच असण्याचा विचार रंगापाशी नव्हे, गंजापाशी सुरू व्हायला हवा.

सांख्यांचा सत्कार्यवाद इथे थोडे पुढे नेतो. कार्य कारणात आधीच असते, असे तो मानतो. त्या नजरेने गंज लोखंडाला परका नाही. सुरजागडच्या किंवा गोव्याच्या खाणींतले हेमॅटाइट म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनच. भट्टीत तो ऑक्सिजन काढून घेतात आणि गंजताना लोखंड तो परत घेते. रेड ऑक्साइडमधली लाल पूडही लोखंडाचेच ऑक्साइड. ती आणखी गंजू शकत नाही, म्हणून रंगाच्या थरात टिकून राहते.

पत्र्याला भोक पडले असेल तर सडलेला तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करतात. इथे नैयायिकांची पंचाईत होते. कापडातून एक धागा काढला तरी जुने कापड नष्ट होऊन नवा खंडपट, म्हणजे उरलेल्या धाग्यांचे वेगळे कापड, निर्माण होतो, असे तेच म्हणतात. मग ब्रशने कण झडले तेव्हाच ट्रक दुसरा झाला असे मानावे लागेल, आणि ‘हा तोच’ या ओळखीचे काय, ते सांगणे अवघड होते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू सागल नगरीत मिलिंद राजाला, म्हणजे इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या ग्रीक मिनँडरला, त्याच्या रथाबद्दल विचारतात. आस रथ नाही, चाके रथ नाहीत; ‘रथ’ हे त्या भागांच्या आधाराने चालणारे नाव आहे. मूल आणि तेच वाढून झालेला माणूस हे एकही नव्हेत आणि वेगळेही नव्हेत. पण म्हणून जबाबदारी सुटत नाही: चोरलेले आंबे पेरलेल्या आंब्यांहून वेगळे होते, हा चोराचा बचाव राजाच नाकारतो, कारण चोरलेले आंबे पेरलेल्यांतूनच आले. ठिगळ लावलेल्या ट्रकवरचे कर्जही याच न्यायाने तेच राहते. जैन दर्शन उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता एकाच सत्तेत मानते: पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात, द्रव्य टिकते.

कायद्याने हा गुंता एका भागापुरता सोडवला आहे. इंजिन बदलता येते, फक्त तशी नोंद करावी लागते; गाडीची ओळख चेसीवर ठोकलेल्या क्रमांकाला बांधलेली असते. नागसेनांच्या भाषेत हाही व्यवहारासाठी ठरवलेला संकेतच. मात्र तो लोखंडावर कोरलेला असल्याने गंजाच्या तावडीतून सुटलेला नाही. म्हणून चेसी रंगवताना त्या आकड्यांवर लांबी भरत नाहीत. तिथला गंज हलक्या हाताने काढून पातळ थर देतात, म्हणजे तपासणीच्या वेळी प्रत्येक आकडा वाचता येतो.