माशाची ओळख आणि लोहचुंबक

माकणीच्या निम्न तेरणा प्रकल्पासारख्या मराठवाड्यातल्या जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांच्या जोडीने सायप्रिनसही वाढवला जातो. पावसाळ्यात गढूळ लोंढे आले की तिथे डोळ्यांचा उपयोग बेताचाच. या कुळातल्या नराला मादीची वेळ कळते ती मुख्यतः वासाने. सायप्रिनसचा भाऊबंद असलेल्या सोनमाशावर नॉर्मन स्टेसी आणि पीटर सोरेन्सन यांनी दीर्घकाळ काम केले. अंडी पक्व होताना मादीच्या शरीरातून एक संप्रेरक पाण्यात झिरपते आणि ते हुंगून काही तासांत नराचे वीर्य वाढते. अंडी सुटल्यावर तिच्या लघवीतून प्रोस्टाग्लँडिन बाहेर पडते, मग नर तिचा पाठलाग सुरू करतो. आता प्रश्न असा, की नराने मादीला ओळखले म्हणायचे, की तो नुसता ओढला गेला? हा वाद आपल्याकडे जुना आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात नवजात बाळाला स्तनपानाची ओढ असते, म्हणून त्याला पूर्वजन्माची स्मृती असली पाहिजे, असा युक्तिवाद येतो. त्यावर प्रतिपक्ष विचारतो: लोखंड चुंबकाकडे जाते तसे बाळ जात असेल, स्मृती कशाला हवी? नैयायिक उत्तर देतात की चुंबकाकडे लोखंडच जाते, ढेकूळ जात नाही. म्हणजे तिथेही काही ठरावीक कारण आहे, आणि बाळाच्या बाबतीत ते कारण स्मृतीच.

सोनमाशापुरते पाहिले तर प्रतिपक्षाची बाजू भक्कम दिसते. अंडी न सुटलेल्या मादीला प्रोस्टाग्लँडिन टोचले तरी ती अंडी घालण्याच्या हालचाली करते आणि नर तिच्या मागे लागतात. पण सगळा पुरावा एवढाच नाही. स्टिकलबॅक नावाच्या माशाची मादी नराच्या वासावरून त्याच्या प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा अंदाज घेते आणि ती जनुके तिच्या स्वतःच्या जनुकांशी कितपत जुळतील यावर तिची पसंती ठरते. जर्मनीतल्या मानफ्रेड मिलिन्स्की यांच्या गटाने 2005 साली प्रयोगशाळेत बनवलेली पेप्टाइडे पाण्यात मिसळून ही पसंती बदलूनही दाखवली. म्हणजे तोच नर एकीला हवासा आणि दुसरीला नकोसा. चुंबक असा लोखंडाचा तुकडा बघून वागत नाही. आपल्या उपखंडातल्या झेब्रा माशाची गोष्ट याहून बोलकी आहे. फलनानंतर सहाव्या दिवशी त्याच्या पिल्लावर भावंडांच्या वासाचा ठसा उमटतो. (सटवाईने कपाळी नशीब लिहायचा दिवसही लोकसमजुतीत पाचवा-सहावाच, हा योगायोग गमतीचा.) परक्यांच्या वासाचा ठसा मात्र उमटत नाही, तेव्हा शिकण्याला जन्मजात चौकट आहे हे मान्य केले पाहिजे. प्रौढ मादी पुढे भावांपेक्षा नात्याबाहेरच्या नराचा वास पसंत करते. पूर्वी पडलेला संस्कार आणि समोरचा अनुभव यांच्या संयोगातून ‘हा तोच’ असे जे ज्ञान होते, त्याला नैयायिक प्रत्यभिज्ञा म्हणतात. झेब्रा माशाच्या पिल्लाजवळ ते दोन्ही आहेत.

यावर एक आक्षेप चटकन सुचतो, की हा सारा ग्राहक-रेणूंचा खेळ आहे. असेल, मोगऱ्याचा वास आपल्यालाही तशाच रेणूंमुळे येतो, म्हणून आपल्याला मोगरा कळत नाही असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे: ज्याला इंजेक्शनने फसवता येते, त्याला जाण कसली? मला हा पुरावा उलट बाजूचा वाटतो. चुंबक कधी चुकत नाही, कारण त्याला काही कळायचेच नसते. भ्रम तिथेच होतो जिथे ज्ञान होऊ शकते. मेक्सिकोतल्या स्वोर्डटेल माशांची मादी स्वच्छ पाण्यात स्वजातीचा वास निवडते. कुजलेल्या पाल्यातून येणारे ह्युमिक आम्ल पाण्यात वाढले की तिला स्वजातीय आणि परजातीय नरांतला फरक करता येत नाही, हे 2006 सालच्या प्रयोगांत दिसले. यावर कोणी म्हणेल, बनावट किल्लीने कुलूप उघडले म्हणून कुलूप चुकले असे होत नाही. खरे आहे, पण कुलपाला सहाव्या दिवशी काही शिकता येत नाही, आणि कोणती किल्ली लागली याने त्याचे काही बिघडत नाही. माशाची मात्र चूक झाली तर त्याची पुढची पिढी पणाला लागते.

माशाला ‘मला कळले’ हेही कळते, असा माझा दावा नाही. तशी गरजही नाही. ज्ञान होणे आणि झालेल्या ज्ञानाचे भान येणे या दोन वेगळ्या पायऱ्या नैयायिकांनीच मानल्या. दुसरीला ते अनुव्यवसाय म्हणतात. पहिली पायरी माशाला नाकारायला मला कारण दिसत नाही. भागवताच्या परंपरेत मासा जिभेच्या पायी गळाला लागणारा म्हणून येतो, गंधाचा मोह भुंग्याच्या वाट्याला; माशाच्या नाकाची दखल तिथे घेतलेली नाही. मात्र पूर्वजन्माच्या बाजूने हा पुरावा लावणाऱ्यांना माझी साथ नाही. इथला संस्कार याच जन्मातला आहे आणि तो कोणत्या दिवशी पडला हेही सांगता येते. तेव्हा बाळाच्या वादात नैयायिकांचे निम्मेच खरे: ओढीमागे स्मृती असू शकते, पण त्या स्मृतीसाठी आधीचा जन्म लागत नाही.