नववे भय

सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही चिरता येतो; तेव्हा दोष सुरीचा नव्हे, ती धरणाऱ्या हाताचा. शाळेत विज्ञान शिकवताना हे वाक्य मी किती वेळा म्हटले असेल, त्याला गणती नाही. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध तर मुलांना मी याच वाक्याने संपवायला शिकवला, आणि परीक्षकही त्याला बरे गुण देत. ज्या वाक्याने इतकी वर्षे आपल्याला दगा दिला नाही, ते माणूस सहसा तपासून पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. ती वेळ माझ्यावर माझ्या सातवीतल्या नातीने आणली.

उन्हाळ्याच्या सुटीत तिला मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र दाखवायचे ठरले. छत्रपती संभाजीनगरहून सकाळची गाडी धरली. मनमाड मागे पडून लासलगाव जवळ आले तसा माझ्यातला मास्तर जागा झाला. “हे कांद्याचे गाव. पण इथे कांद्याला अणूची मात्रासुद्धा देतात बरे का!” मी म्हणालो. तिला वाटले, आजोबा थट्टा करताहेत. मग मी सांगितले की, भाभा अणुसंशोधन केंद्राने इथे २००२ साली एक केंद्र उभारले. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले की त्याला मोड येत नाहीत, तो अधिक दिवस टिकतो, आणि स्वतः किरणोत्सर्गी मात्र होत नाही. २००७ साली आपला हापूस अमेरिकेला गेला, तोही इथे हे किरण अंगावर घेऊनच. “म्हणजे आंब्याचा व्हिसा इथे निघाला!” ती म्हणाली, आणि डब्यातली दोन-चार माणसेही हसली.

वरळीच्या त्या केंद्रात अणुऊर्जेचे एक स्वतंत्र दालन आहे. तिथल्या प्रतिकृतींपुढे ती बराच वेळ थबकली आणि मी आपला इतिहास सांगत सुटलो. १८९६ साली पॅरिसमध्ये बेकरेलच्या खणात काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेल्या छायाचित्राच्या काचेवर युरेनियमच्या क्षारांनी आपली खूण उमटवली, तिथून ही गोष्ट सुरू होते. पुढे दोन वर्षांत क्युरी पतिपत्नींना पोलोनियम आणि रेडियम सापडले. १९३८च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियममध्ये बेरियम आढळले. ते तिथे आले कसे, याचा उलगडा केला तो हिटलरच्या राज्यातून परागंदा झालेल्या लिझे माइटनर या बाईंनी, आपला भाचा फ्रिश याच्यासह, स्वीडनच्या बर्फात फिरता फिरता. अणूचे केंद्रच दुभंगत होते! आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी आपल्या ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिच्या पाण्यातल्या निळ्या प्रभेवरून हे नाव नेहरूंनी ठेवले.

“आणि हिरोशिमा?” तिने विचारले.

ते मी मधेच गाळले होते. आता सांगणे भाग पडले. ६ ऑगस्ट १९४५. बाँबमध्ये युरेनियम होते सुमारे ६४ किलो. त्यातले जेमतेम किलोभर दुभंगले, आणि प्रत्यक्ष ऊर्जेत रूपांतर झाले ते एका ग्रॅमहूनही कमी द्रव्याचे. वर्ष संपेपर्यंत त्या शहरातली सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे गेली असावीत, असा अंदाज आहे. एवढे सांगून मी सवयीने माझे ते वाक्य म्हटले. “दोष सुरीचा नसतो, बाळ. हाताचा असतो.”

“कोणाच्या हाताचा, आजोबा?”

वर्गात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उत्तर शोधू लागलो आणि माझ्या ध्यानात आले की, सुरीचा दृष्टान्त स्वयंपाकघरात जितका खरा आहे तितका इथे नाही. सुरी एका हातात मावते. हा बाँब घडवण्याच्या कामावर सव्वा लाखाच्या आसपास माणसे होती. ओक रिजच्या कारखान्यात तरुण मुली यंत्रांपुढे बसून काटे जागेवर ठेवीत. आपण काय तयार करतो आहोत हे त्यांना ठाऊकही नव्हते. कोणी गणित केले, कोणी नळ जोडले, कोणी विमान हाकले, कोणी वॉशिंग्टनमध्ये सही केली. प्रत्येकाने आपापला हात पाहावा तर तो स्वच्छच! पुण्याची वाटणी करायला बसलो की प्रत्येकाला आपला वाटा मोठा दिसतो. पापाची करायला बसलो की इतके वाटेकरी निघतात की कोणाच्याच पदरी काही पडत नाही. पण मेलेली माणसे तर एक लाख चाळीस हजारच राहतात.

त्या सव्वा लाखांत जोसेफ रॉटब्लाट नावाचा एक पोलिश पदार्थवैज्ञानिक होता. हिटलरच्या हाती बाँब पडला तर जगाचे काय होईल, या भीतीने तो लॉस अलामॉसला आला होता. १९४४च्या अखेरीस त्याला कळले की, जर्मनांना हे काम साधत नाही. ज्या कारणासाठी आलो ते कारणच उरले नाही, म्हणून तो काम सोडून निघून गेला. पुढे लंडनच्या एका रुग्णालयात तो किरणांचा वैद्यकात उपयोग करू लागला, अण्वस्त्रांविरुद्ध आयुष्यभर झटला, आणि १९९५ साली त्याला शांततेचे नोबेल मिळाले.

तो गेल्याने बाँब थांबला का? नाही थांबला. मग त्याचे जाणे व्यर्थ म्हणावयाचे काय? व्यवहारी माणूस होय म्हणेल. मागे राहिलेले सगळे दुष्ट होते, असेही नव्हे. युद्ध लवकर संपेल, आपली मुले घरी येतील, असे मानणारे त्यांत पुष्कळ होते. पण रॉटब्लाटने एक गोष्ट केली. ‘माझ्या हाताचे उत्तर मी देईन’ एवढे तो आपल्या वागण्याने म्हणाला. संग्रहालयात अणुभट्टीची प्रतिकृती ठेवता येते. सामान बांधून गाडीत बसलेल्या माणसाच्या मनाची प्रतिकृती कोणत्या काचेच्या कपाटात ठेवणार?

इथवर मी रॉटब्लाटची थोरवी गात होतो. ते सोपे होते. परतीच्या गाडीत नात झोपली आणि मला माझा स्वतःचा हात आठवला. ११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा. पोखरणच्या स्फोटांची बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले, आणि ते वाटणाऱ्यांत मीही होतो. त्याआधीच्या, १९७४च्या पहिल्या चाचणीशी तर हसऱ्या बुद्धाचेच नाव जोडले गेले होते. त्याचेही मला तेव्हा कौतुकच वाटले होते. शेजारी असे असताना देशाला हे अस्त्र हवे, असे मानणारे शहाणे लोक आहेत. त्यांचे म्हणणे मला आजही खोडून काढता येत नाही. खंत वाटते ती निराळीच. पेढा देताना, हे अस्त्र कधी सुटलेच तर कोणाच्या घरावर पडेल, हा विचार क्षणभरदेखील मनाला शिवला नाही.

दुसरेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला कर्करोग झाला. शहरातल्याच रुग्णालयात तिला कोबाल्टचे किरण दिले, आणि आज ती माझ्याशेजारी बसून करंज्यांचे पुरण ढवळते आहे. तो कोबाल्ट-६० अणुभट्टीतच तयार होतो. ते श्रेय मी मनापासून घेतो. ‘आपल्या विज्ञानाने’ हिला वाचवले, असे चार लोकांत सांगतोही. मग जे विज्ञान वाचवताना ‘आपले’ असते, ते मारताना ‘कोणाच्या तरी हातातले’ कसे होते? माझ्या वाक्यातली खोट इथे होती. हात दुसऱ्याचा म्हटले की मी सुटलो.

पाऊस ओसरल्यावर नातीला घेऊन विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी पाहायला गेलो. सातव्या लेण्यात दाराजवळ अवलोकितेश्वराचे एक मोठे शिल्प आहे. मधोमध तो बोधिसत्त्व, आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडून त्याचा धावा करणारी माणसे. आग, तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू अशी आठ महाभये. व्यापारी काफिल्यांच्या काळात माणसाला ज्यांची ज्यांची धास्ती होती, ती सारी तिथे दगडात आहेत. नातीने बोटे मोजली आणि म्हणाली, “आजोबा, नववे राहिले.”

मी त्या शिल्पाकडे पुन्हा पाहिले. ही आठही भये माणसावर बाहेरून येतात. तलवार आणि बेड्या माणसाच्याच खऱ्या, पण त्या दुसऱ्या माणसाच्या. नववे भय आपल्याच रक्षणाकरिता, आपल्याच नावाने आणि आपल्याच पैशाने घडवलेले आहे. त्याच्यापासून सोडवायला कोणाचा धावा करावा? अवलोकितेश्वर या नावात अवलोकन आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे जो पाहतो तो. निदान तेवढे तर आपल्याला करता येईल. पेढा हातात घेताना पलीकडच्या घराकडे एकवार पाहावे.

याने जग सुधारेल, असे मी नातीला सांगितले नाही. रॉटब्लाटच्या जाण्यानेही ते लगेच सुधारले नव्हते. परवा तिला शाळेत तोच निबंध लिहायला दिला आहे. तिने शेवटचे वाक्य विचारले. मी म्हणालो, “माझे जुने वाक्य घेऊ नकोस. भाजी ज्याच्या ताटात वाढली जाते, त्यानेही सुरीकडे लक्ष ठेवावे, असे काही लिही.”

“गुण कमी मिळतील,” ती म्हणाली.

“मिळू देत,” आतून तिच्या आजीने उत्तर दिले.