चुनखडीचा खडा

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचं गाव आहे. संत गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या एका कुंभाराची नात आठवीत शिकत होती. आबांच्या चाकावर मातीचा गोळा कसा उभा राहतो, हे बघत ती मोठी झाली. पण तिचा जीव होता विमानांत. वर्तमानपत्रात विमानाचं चित्र आलं की ते कापून वहीत चिकटवायचं, हा तिचा नेम.

दिवाळीत पुण्याहून मामा आला, तो भाचीसाठी एक चपटा खोका घेऊन. खोक्यावर पिवळ्या विमानाचं चित्र होतं. त्याला एकावर एक असे दोन पंख होते.

"हे टायगर मॉथ," मामा म्हणाला. "सुटे भाग आत आहेत, जोडायचे तुलाच. खऱ्या विमानापेक्षा बहात्तर पट लहान."

खऱ्या टायगर मॉथचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 8.94 मीटर. बहात्तरनं भागले की साडेबारा सेंटीमीटरही भरत नाहीत. शाळेच्या पट्टीहूनही लहान. हे विमान 1931 साली पहिल्यांदा उडालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबादच्या बेगमपेठला कितीतरी हिंदी तरुण याच विमानावर उड्डाण शिकले. तेव्हा आपला जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता, हे मामानं सांगितलं तेव्हा मुलीला ते विमान एकदम घरचं वाटायला लागलं. भारतीय हवाई दलानं असं एक जुनं टायगर मॉथ दुरुस्त करून 2012 साली पुन्हा आकाशात नेलं, हेही तिला कळलं.

"पण याला दोन-दोन पंख कशाला?" तिनं विचारलं.

"तेव्हा पंख लाकडी सांगाड्यावर कापड ताणून करायचे. इतका हलका पंख एकटा वाऱ्यापुढे टिकायचा नाही. म्हणून दोन पंख, मध्ये खांब आणि तिरप्या तारा. रेल्वेच्या पुलाची बांधणी अशीच असते. पूल बांधणाऱ्या शनूट नावाच्या इंजिनिअरनं ती 1896 साली ग्लायडरला लावली." मामानं जाताना एवढंच बजावलं, "घाई करू नकोस गं. आतला कागद आधी नीट वाच."

मुलीनं कागद वाचला, पण हात थांबेनात. प्लास्टिकच्या चौकटीतले भाग तिनं नेलकटरनं सोडवले. प्रत्येक भाग जिथून तुटे तिथं एक बारीकसा कोंब उरे. बाहेरून दिसणारे कोंब तिनं पॉलिश पेपरनं घासून काढले. वैमानिक बसतो त्या जागेच्या तळाला, अगदी कडेला, असाच एक कोंब राहिला होता. तो तिला दिसला. पण तो भाग विमानाच्या पोटात जाणार होता. आतलं कोण बघणार, असं म्हणून तिनं तो तसाच ठेवला.

मग विमानाच्या पोटाच्या दोन बाजू तिनं झटपट चिकटणाऱ्या गमनं जोडल्या. खालच्या अंगाला बारीक फट राहिली. फट पाहून तिला शाळेच्या सहलीत बघितलेलं गावातलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आठवलं. तिथं सातवाहनांच्या काळातल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्या साच्यात काढायची, दोन्ही जोडायच्या आणि जोड तासून टाकायचा, अशी ती दोन हजार वर्षांपूर्वीची रीत. आपणही जोड तासू, असं मुलीला वाटलं. तिनं फटीत एम-सील भरलं, वाळल्यावर पाणी लावून घासलं. बोट फिरवलं तर फट कुठं होती ते कळेना. ती खूश झाली.

पुढं अडचणी येत गेल्या आणि ती त्या सोडवत गेली. वैमानिकापुढची पारदर्शक काच गमाच्या वाफेनं पांढुरकी झाली. तिनं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातलं पारदर्शक प्लास्टिक कापून नवी काच केली आणि ती साध्या फेव्हिकॉलनं बसवली. दोन पंखांमधला एक खांब कापताना उडाला आणि काही केल्या सापडेना. तिनं उदबत्तीची काडी ब्लेडनं तासून तसाच खांब केला. या अडचणी सोप्या होत्या, कारण जिथं बिघाड दिसत होता तिथंच त्याचा उपाय होता.

खरी अडचण वरचा पंख बसवताना आली. तीन खांब खाचेत बसले, चौथा अधांतरी. समोरून पाहिलं तर वरचा पंख एका बाजूला कललेला. तिनं चौथा खांब ओढून बसवला तर दुसरा निघाला. खांब तासला, पंख दोऱ्यानं आवळून रात्रभर बांधून ठेवला. सकाळी दोरा सोडताच 'टक' असा आवाज आला, पंख उसळला आणि कष्टानं केलेला उदबत्तीचा खांब मोडला.

शाळेचं विज्ञान प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. सगळ्या वर्गाला तिनं विमान आणते म्हणून सांगितलं होतं. तिनं खोका उचलला आणि धान्याच्या कणगीमागे ढकलून दिला.

आबांनी ते पाहिलं, पण विमानाचा विषय काढला नाही. संक्रांत जवळ येत होती. अंगणात सुगड्यांच्या ओळी लागल्या होत्या.

"बाई, जरा सुगडी निवडू लाग," ते म्हणाले. "फुटकी एकीकडं, धड एकीकडं."

निवडता निवडता मुलीच्या हातात एक सुगड आलं. अंगावरची खपली उडालेली, तिथं खळगा पडलेला.

"आबा, हे आव्यात फुटलं का?"

"न्हाई. आव्यातून धडच निघालं. वाजवून बघितलं तर टणटणीत. चार दिसांनी खपली उडाली." आबांनी खळग्यात नख घालून तळाशी बसलेला पांढरा कण दाखवला. "चुनखडीचा खडा. माती चाळताना ऱ्हायला. आव्यात भाजला की त्याचा चुना हुतो. मग हवेतली वल लागली की फुगतो, आन वरची माती उडवून देतो."

"मग इथं ओली माती लावून बुजवलं तर?"

"बुजवणारे बुजवत्यात. वरनं गेरू बी लावत्यात. पर खडा आतच ऱ्हातो की."

मुलगी सुगडाकडे बघत राहिली. आबा पुढं म्हणाले, "भाजलेल्या मडक्याची परत माती हुत न्हाई. माझ्या हातात आता येवढंच, की पुढची माती बारीक चाळणीनं चाळायची. तुझं इमान कच्चं हाय का भाजलेलं, ते तू बघ."

मुलीनं कणगीमागून खोका काढला. या वेळी तिनं वरच्या पंखाशी झटापट केली नाही. शेवटून सुरुवातीकडे एकेक गोष्ट तपासत गेली. वरचा पंख आरशावर पालथा ठेवला. तो सरळ होता. खांब पट्टीला लावून पाहिले. सारख्या उंचीचे होते. खालचे पंख पाहिले, तेही सरळ. मग खालचे पंख जिथं पोटाला जोडले होते ती जागा पाहिली. डावीकडची जागा जराशी खाली झुकलेली होती. का झुकली, तर पोटाची डावी बाजू पूर्ण मिटलीच नव्हती. का मिटली नव्हती? तिचं बोट एम-सील भरलेल्या त्या गुळगुळीत जोडावर येऊन थांबलं.

आत कोंब होता.

आता सगळं तिच्या ध्यानात आलं. पोटात मोहरीएवढ्या कोंबानं एक बाजू किंचित उचलली होती. खालच्या पंखाच्या मुळाशी तो फरक डोळ्याला दिसेलसा नव्हता. पण पंखाच्या टोकापर्यंत जाता जाता तो वाढला आणि खांबांवरून वरच्या पंखापर्यंत पोचला तेव्हा झाकता न येण्याइतका मोठा झाला. बिघाड दिसला वर, पण तो जन्मला होता सगळ्यांत खाली, पहिल्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी ती विज्ञानाच्या सरांकडे गेली. "सर, मला प्रदर्शनात विमान ठेवता येणार नाही. सुरुवातीपासून उकलावं लागणार आहे."

सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, राईट बंधूंचंही असंच झालं होतं. 1901 साली त्यांनी केलेला ग्लायडर वाऱ्यावर चढवला, तर हिशेबानं जेवढं उचलायला हवं त्याच्या साधारण तिसरा हिस्साच उचलायचा. दोघं फार खचले. पंख पुन्हा पुन्हा वाकवून बघण्यापेक्षा त्यांनी हिशेबातले आकडेच तपासायला घेतले. हवेच्या दाबाचा एक आकडा शंभराहून अधिक वर्षं सगळे जण वापरत होते. सायकलच्या दुकानात त्यांनी सहा फूट लांबीची एक पेटी केली, पंख्यानं तिच्यात वारा सोडला आणि चिमुकल्या पंखांचे दोनशेच्या आसपास नमुने तिच्यात तपासले. तो जुना आकडा खऱ्यापेक्षा बराच मोठा निघाला. पुढच्या वर्षीचा ग्लायडर उत्तम चालला. आणि 17 डिसेंबर 1903 ला त्यांचं दोन पंखांचं विमान बारा सेकंद हवेत राहिलं. ते बारा सेकंद त्या पेटीत तयार झाले होते." सर थांबले. "प्रदर्शन दरवर्षी येतं. काय करायचं ते तूच ठरव."

मुलीनं ठरवलं. झटपट चिकटणारा गम गार पडला की ठिसूळ होतो, हे सरांनीच सांगितलं होतं. शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात विमान रात्रभर ठेवलं. सकाळी जोडावरून ब्लेड हलकेच फिरवलं. घासून चकचकीत केलेलं एम-सील निघालं, रंग खरवडला, एक खाच तुटली. इतक्या कष्टानं केलेलं आपल्याच हातानं मोडताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पोट उघडलं आणि कोंब समोर आला. पॉलिश पेपरचे चार हात फिरवले, तो गेला. दोन्ही बाजू मिटवून पाहिल्या. फट नव्हती. भरायला काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर तिनं एक नियम केला: प्रत्येक भाग आधी कोरडा जुळवून बघायचा, नीट बसला तरच गम लावायचा. काम हळू झालं, पण मागं फिरावं लागलं नाही. वरचा पंख ठेवला तेव्हा चारही खांब आपापल्या खाचेत जाऊन बसले. दाबावंसुद्धा लागलं नाही.

तारांसाठी दोरा जाड दिसायचा. तेव्हा आजीनं आपल्या फणीतले लांब पांढरे केस काढून दिले. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो. बहात्तर पट केला की पाच मिलिमीटर होतात, म्हणजे खऱ्या विमानाच्या तारेच्या जवळ जाणारी जाडी. आजीच्या केसांनी दोन्ही पंख एकमेकांना बांधले गेले.

प्रदर्शन तोवर होऊन गेलं होतं. सरांनी तिला विमान वर्गात आणायला सांगितलं. विमान कसं उडतं हे तिनं थोडक्यात सांगितलं. चूक कुठं दिसली आणि कुठं सापडली, हे मात्र सविस्तर सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग तू वरचा पंखच थोडा कापून का नाही बसवलास?" तिनं उत्तर दिलं, "मग विमानात दोन चुका झाल्या असत्या."

या गोष्टीचं तात्पर्य त्या उत्तरातच आहे. काम अडतं तेव्हा आपण अडलेल्या जागीच जोर लावतो, कारण बिघाड तिथं दिसत असतो. पण नववीच्या गणितात अडलेल्या मुलाची अडचण पुष्कळदा पाचवीच्या अपूर्णांकांत असते. भिंतीला गेलेली भेग पुष्कळदा पायातून आलेली असते. वरून कितीही लिंपलं तरी ती पुन्हा उघडते, आणि लिंपल्यामुळे मूळ शोधणंही अवघड होऊन बसतं. अपयश आलं की नुसतं पुन्हा प्रयत्न करणं पुरेसं नाही. पायरी पायरीनं मागं जावं, केलेलं मोडावं लागलं तर मोडावं, त्यापायी एखादा मान-सन्मान हुकला तर हुकू द्यावा. चिकाटी म्हणतात ती याला. आणि हे करायचं ते वेळीच, काम कच्चं आहे तोवर. भाजलेल्या मडक्यातला खडा काढण्याची सोय कुंभारालाही नाही.