देऊन उरलेलं, की खाऊन उरलेलं?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३ ते १६



आजच्या श्लोकांत भगवंत एक चाक दाखवतात. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसावर, पाऊस यज्ञावर आणि यज्ञ कर्मावर. हे चाक पुढे फिरवायला जो हातभार लावत नाही त्याचं जगणं फुकट, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं आहे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे असं चक्र दिसलं की पहिला प्रश्न पडतो: हे तुटतंय कुठे?

माझ्या घरातलं उत्तर गेल्या वर्षी मिळालं. बाल्कनीत कंपोस्टचा डबा ठेवला होता. ओल्या कचऱ्यावर सुकी पानं टाकायची, अधूनमधून हलवायचं, दीड-दोन महिन्यांत काळंभोर खत तयार. हाच कचरा डेपोत हवेशिवाय दबून कुजला की मिथेन होतो, आणि १०० वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. त्यामुळे मी स्वतःवर खूश होतो.

मग लक्षात आलं, डबा फार लवकर भरतोय. सालं-देठं तेवढीच होती. वाढला होता तो भात, पोळ्या, फ्रिजमध्ये विसरलेल्या भाज्या. आधी अन्न टाकताना हात अडखळायचा. आता "खतच होणार आहे" म्हणून बिनधास्त टाकत होतो. आई राहायला आली होती, ती म्हणाली, "अरे, डब्यात टाकलंस म्हणजे टाकलं नाहीस असं होतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेमरी आपोआप साफ होते म्हटल्यावर प्रोग्रामर बेफिकीर होतो, तसंच माझं झालं होतं.

तेराव्या श्लोकात यज्ञशिष्ट खाणाऱ्याची महती आहे आणि फक्त स्वतःसाठी शिजवणाऱ्याला पापाचा धनी म्हटलंय. यज्ञशिष्ट म्हणजे देऊन उरलेलं. मी करत होतो ते नेमकं उलटं, खाऊन उरलेलं देत होतो. मातीलाही, आणि खरं सांगायचं तर माणसांनाही. मावशींना कालची भाजी देऊन 'वाया गेली नाही' असं समाधान मानणं, हे दान कसं म्हणायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतलं होतं. म्हणजे आपल्यासारख्यांच्याच स्वयंपाकघरातलं. खत केल्याने त्यातला थोडा कस मातीला परत मिळतो. पण त्यामागचं पाणी, डिझेल, शेतकऱ्याचा घाम परत येत नाही.

आमच्या सोलापूरकडे हे चाक ताटातच दिसायचं. ज्वारीचे दाणे माणसाला, कडबा जनावराला, शेण शेताला. सोबतीला तूर-हरभरा, ज्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. उरलेल्या भाकरीचा सकाळी कुस्करा. आम्ही शहरात येऊन भाकरी सोडली, तेव्हा फक्त चव बदलली असं वाटलं होतं. पण ताट बदललं की शेतातलं पीकही बदलतं, कडबा कमी होतो, गोठा रिकामा होतो.

मग कंपोस्ट सोडून द्यायचं का? अजिबात नाही. सालं, देठं, चहाचा चोथा हा मातीचाच वाटा आहे, तो तिला मिळायलाच हवा. पण डब्याचा नंबर शेवटचा. आधी मोजून शिजवायचं, मग ताजं असतानाच दुसऱ्याचा घास काढायचा, मग उरलेलं आपण संपवायचं, आणि जे खाण्याजोगं नाही तेवढंच मातीला.

आता आमचा डबा हळूहळू भरतो. कधीकधी चुकतोच, पण हात पुन्हा अडखळायला लागलाय, आणि मला वाटतं ती देवाची कृपाच.

आजचा संकल्प : आज स्वयंपाक झाल्यावर, आपलं ताट वाढण्याआधी, एक वाटी ताजं अन्न कोणासाठी तरी बाजूला काढूया.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥