एक आत्मा, चाळीस देह

मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे संगणकाची खोली का सोपवावी, याचं उत्तर आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी एका वाक्यात दिलं. म्हणाल्या, "सर, सगळ्या स्टाफमध्ये नाही म्हणता न येणारे तुम्ही एकटेच आहात." तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या गुणाची दखल घेतली जाण्याचा हा पहिलाच प्रसंग.

खोलीत चाळीस संगणक. खरेदीच्या दिवशी सगळे सारखे होते, पण मुलांनी वर्षभर हाताळले की प्रत्येकाचा स्वभाव निराळा होतो. एखादा पंधरा मिनिटं जागाच होत नाही. दुसरा मध्येच डोळे मिटतो. तिसरा गणित विचारलं की रमीची जाहिरात दाखवतो. थोडक्यात, चाळीस जणांचा एक वर्गच तयार होतो. मग सुट्टीत एकेकाला धरून सगळं पुसायचं आणि विंडोजपासून मराठी कीबोर्डापर्यंत सगळं नव्याने घालायचं. एकामागे तीन तास, म्हणजे चाळीस त्रिक एकशे वीस. एवढा हिशेब मराठीच्या मास्तरालाही येतो.

दिवाळीला माझा इंजिनिअरिंगवाला भाचा आला होता, त्याला माझी दया आली. "मामा, एकच संगणक मनासारखा तयार कर. त्याची इमेज काढ आणि बाकीच्यांत ओत."

'ओत' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे इडलीपात्र आलं. पण ते तसंच निघालं. या कामाला 'फॉग' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, २००७ सालापासूनचं. फॉग म्हणजे धुकं नव्हे, 'फ्री ओपन-सोर्स घोस्ट'. आणि 'घोस्ट' हा याच धंद्यातला जुना, पैसे घेणारा कसबी. न्यूझीलंडात जन्मलेला आणि १९९८ साली सिमँटेक कंपनीने विकत घेतलेला. आता एका देहातलं सगळं दुसऱ्या देहात घालणाऱ्याला भूत नाही तर काय म्हणणार? आपल्याकडे मोठ्या माणसांनी केलं की त्याला परकायाप्रवेश म्हणतात, एवढाच फरक.

भाच्याने एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून त्याला सर्व्हर केलं. युक्ती अशी की, बाकीच्या यंत्रांनी सुरू होताना स्वतःच्या डिस्ककडे बघायचंच नाही. जाळ्यात तोंड घालून विचारायचं, "मी कोण, मी कुठला, मी काय करू?" हे प्रश्न आपल्याला पन्नाशीनंतर पडतात, संगणकाला बटण दाबताच पडतात. याला पीएक्सई म्हणतात. उत्तर देणारा डीएचसीपी त्याला पत्ता देतो आणि पुढची फाईल कुणाकडे मागायची ते सांगतो.

फॉगने बसता बसता विचारलं, "पत्ते मी वाटू का?" भाचा म्हणाला, "वाट." ऑफिसमधला राऊटर तेच काम आधीपासून करत होता, हे मला कुणी विचारलं नाही आणि मला ठाऊकही नव्हतं. एका म्यानात दोन तलवारी! तिकडे दहावीचे फॉर्म भरणं अडलं आणि हेडक्लार्क माझ्या नावाने शंख करत आले. शेवटी आमच्या खोलीची वायर ऑफिसपासून तोडली, तेव्हा दोन्ही घरं सुखी झाली.

नंतरचा प्रकार मात्र बघण्यासारखा होता. एकोणचाळीस यंत्रांना एकेक करून इमेज देण्याऐवजी फॉग मल्टिकास्ट करतो. म्हणजे घरोघर निरोप देत हिंडायचं नाही, कीर्तनकारासारखं एकदाच सांगायचं आणि सगळ्यांनी एकदम ऐकायचं. त्यासाठी तो आधी सगळे जमायची वाट बघतो. अडतीस आले, एक आला नाही. फॉग गप्प. बघतो तर त्या एकाची वायर ढिली. ती नीट बसवली तेव्हा कुठे महाराजांनी तोंड उघडलं. तासाभरात चाळीसही संगणक एका चेहऱ्याचे झाले.

"मग आता हे चाळीस आहेत की एक?" मी भाच्याला विचारलं. मराठीचा मास्तर दुसरं काय विचारणार? तो म्हणाला, प्रत्येकाच्या नेटवर्क कार्डावर अठ्ठेचाळीस बिटांचा मॅक नंबर कोरलेला असतो, तो प्रत्येकाचा वेगळा. म्हणजे देह वेगळे. आत विंडोजचा एक ओळखक्रमांक असतो, एसआयडी. तो मात्र नकलेबरोबर जसाच्या तसा येतो. म्हणून इमेज काढण्याआधी 'सिसप्रेप' चालवून मूळ यंत्राला आपण कोण ते विसरायला लावायचं. पूर्वजन्म विसरल्याशिवाय पुनर्जन्म नाही! पण हे विसरणं खरंच लागतं का, यावर तिकडेही एकमत नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रसिनोविच यांनी २००९ साली सांगितलं, दोघांचा एसआयडी सारखा निघाला म्हणून काही बिघडत नाही. २०२५ साली त्याच कंपनीने असा बदल केला की विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतले सारख्या एसआयडीचे दोन संगणक एकमेकांना ओळखच देईनात. आत्म्यावरचे वाद एवढ्यात मिटत नाहीत, हे वाचून मला आपल्या आचार्यांबद्दल जरा धीर आला.

सुट्टी संपली. पहिल्याच तासाला पाचवीतल्या एका चिमुरड्याने बोट दाखवलं. पडद्यावर मी हौसेने सूचना घातली होती, 'संगणक काळजीपुर्वक वापरा.' काळजीपूर्वक, 'पू' दीर्घ! तीस वर्षं इतरांच्या वह्यांत ज्या चुकीला लाल गोल केला, ती मी चाळीस ठिकाणी एकदम केली होती. हसलो, आणि जरा घाबरलोही. दर वर्षी एक वर्ग, असं तीस वर्षं मीही मल्टिकास्टच करत आलो होतो. त्यात कुठकुठले ऱ्हस्व-दीर्घ मुलांच्या डोक्यात गेले असतील, देव जाणे.

पण खरी चूक ती नव्हतीच. आठवीतली एक मुलगी तेवीस नंबरसमोर नुसती बसून होती. "सर, माझी फाईल दिसत नाही."

जूनपासून ती ऑफ तासाला येऊन आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत होती. बासष्ट झाल्या होत्या. सुट्टीआधी मी फळ्यावर सूचना लिहिली होती, 'आपापल्या फायली काढून घ्याव्यात.' ते आठ दिवस ती तापाने घरी होती. भाच्याला फोन केला. "मामा, त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलंय. आता मिळायचं नाही."

बाई म्हणाल्या, "तुम्ही सूचना दिली होती ना? मग तुमचा काय दोष?" कायद्याने हे उत्तर बरोबर आहे. मीच ते कित्येक पालकांना ऐकवलंय, 'वर्गात सांगितलं होतं.' पण मला त्या ढिल्या वायरचा संगणक आठवत राहिला. तो एक आला नाही म्हणून फुकटातलं सॉफ्टवेअर तोंड मिटून थांबलं होतं. मी पगार घेतो, आणि मी थांबलो नव्हतो. माझ्या हिशेबात ते चाळीस संगणक होते. तेवीस नंबर हा तेवीस नंबर आहे, हे बघायला मी उठलोच नाही.

रविवारी मुलीच्या घरी गेलो. काय झालं ते आजींना सांगितलं. "गेल्या तर गेल्या, मास्तर. पुन्यांदा सांगते." त्या सांगू लागल्या आणि नात मध्येच अडली. "आज्जी, मागं इथं भाऊ होता. आता लेक कशी आली?"

"दळण तेच गं, पण दळणारीचं मन रोज तेच असतंय व्हय?"

त्या दिवशी एक्केचाळीस आल्या, त्यातल्या काही बदलून. एकवीस आल्याच नाहीत. त्यात नातीची सगळ्यांत आवडती एक होती. ती तिला अर्धी आठवते, आजींना अजिबात नाही.

आता कुठलीही इमेज ओतण्याआधी मी चाळीसही संगणक उघडून बघतो. दोन तास जातात. भाचा म्हणतो, "मामा, मग यंत्राचा फायदा काय झाला?" मी म्हणतो, "वाचलेले एकशे वीस तास काय लोणचं घालायला ठेवू?"

नाताळच्या सुट्टीत ती चूक सुधारून इमेज पुन्हा ओतली. तेवीस नंबरला हात लावला नाही. ती मुलगी त्याच्यावर पुन्हा टाइप करते आहे. त्यामुळे सध्या आमच्या खोलीत एकोणचाळीस संगणकांवर 'काळजीपूर्वक' शुद्ध आहे आणि तेवीस नंबरवर तेवढं अशुद्ध. पण काळजी म्हणाल, तर ती तिथेच जरा घेतली गेली आहे.