फुगलेली धमनी आणि देवाचा कौल

ज्या व्याधीला ना वेदना ना ज्वर, जी वर्षानुवर्षे देहात वाढत असूनही देहधाऱ्याला जिची इत्तिला नसते, ती कळून आल्यावर तिच्यावर शस्त्र चालू द्यावे की ईश्वरेच्छा मानून स्वस्थ राहावे, हा प्रश्न पोटातील महारोहिणी, म्हणजे मुख्य धमनी, फुगलेल्या मनुष्यापुढे, भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीतून, अकस्मात उभा राहतो. सुमारे २ सेंटिमीटर रुंदीची ही नळी ३ सेंटिमीटरला पोचली म्हणजे तो रोहिणीविस्फार ठरतो. तो लहान आहे तोवर ठरावीक मुदतीने मोजत राहावे, आणि पुरुषात साडेपाच सेंटिमीटर झाला म्हणजे कृत्रिम नळी बसविण्याची तजवीज करावी, असा वैद्यकाचा दंडक आहे. पोट न उघडता, जांघेतील रोहिणीतून ती नळी आत सरकविण्याची सोयही आता झाली आहे.

रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या आमच्या किनाऱ्यावर ‘आयुष्याची दोरी देवाच्या हाती’ हे वाक्य अशा वेळी हमखास कानी पडते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या श्रद्धेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु त्याच किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेच्या आधी, पावसाळाभर शाकारून ठेवलेली होडी कोळी उघडतो, फळीफळीवरून बोटे फिरवितो, सांधा जिथे सैल लागेल तिथला जुना कापूस उकरून नवा ठासतो, वर तेल चोपडतो, आणि मग दर्याला नारळ अर्पण करतो. सांधे न बघता नुसता नारळ वाहणाऱ्याला कोळीवाड्यात कोणी भक्त म्हणणार नाही.

तरीही नकाराची बाजू हलकी नव्हे. १९४८ साली आइन्स्टाइन यांची महारोहिणी फुगलेली आढळली तेव्हा रूडॉल्फ निसेन या शल्यविशारदाने तिच्याभोवती सेलोफेन गुंडाळले. एप्रिल १९५५ मध्ये ती फुटली, तेव्हा ७६ वर्षांच्या त्या पुरुषाने दुसरी शस्त्रक्रिया शांतपणे नाकारली. आमच्याच पेण तालुक्यातील गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, पवनारला अन्न आणि औषध दोन्ही सोडून देह ठेवला. यांना दैवावर हवाला ठेवणारे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण आपल्या देहात काय चालले आहे हे दोघांनाही पुरते ठाऊक होते, आणि ते जाणूनच त्यांनी आपला अधिकार बजावला. ज्याने पाहिलेच नाही, त्याने ईश्वरेच्छेचे नाव घ्यावे हे मला पटत नाही.

म्हणून पासष्टी उलटलेल्या आणि जन्मभर विडी ओढलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना, तसेच ज्यांच्या घरात ही व्याधी पूर्वी आढळली आहे त्यांना, माझी हात जोडून विनंती आहे की डॉक्टरांना विचारून एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. शस्त्रक्रिया पत्करायची की नाकारायची, तो कौल त्यानंतर देवापुढे बसून स्वतः लावावा.