आवाजावर टाकलेला विश्वास

पुण्याच्या वारज्यात महामार्गालगत माई मंगेशकर रुग्णालय आहे. माई म्हणजे लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ या भावंडांची आई. तिथून थोड्या अंतरावर, एरंडवण्यात, वडिलांच्या नावाचे दीनानाथ मंगेशकर रुग्णालय २००१ साली सुरू झाले. गाणाऱ्या घराचे नाव दवाखान्यावर पाहून आपल्याकडे कोणाला नवल वाटत नाही. गायकाने लोकांपुढे गावे आणि लोकांसाठी मागावेही, हे आपण केव्हाच मान्य करून टाकले आहे. पण त्याने मागितले की आपला हात खिशात का जातो?

मला याचे उत्तर सुधीर फडक्यांकडे, म्हणजे बाबूजींकडे सापडते. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. तिथल्या सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून गदिमांनी गीतरामायण लिहायला घेतले आणि बाबूजींनी त्याला चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रसारित झाले. पुढे वर्षाहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक, अशी ५६ गीते झाली. ऐकण्याच्या वेळी घरोघरी रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. ही भक्ती रामाची होती, हे खरेच. पण नेमाने घरात येणारा तो स्वच्छ, शब्दाशब्दाला जपणारा आवाजही लोकांनी घरचा मानला. जाहिरातीने नाव होते. असा विश्वास मात्र आठवड्यामागून आठवडा मुरावा लागतो.

बाबूजींनी लोकांकडे मागायला सुरुवात केली ती मात्र या कीर्तीच्या आधीच. दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. ती सोडवायला निघालेल्या तरुणांना हत्यारे हवी होती, म्हणजे आधी पैसे हवे होते. त्यासाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला, आणि तो घडवण्यात बाबूजी पुढे होते. मला खरी मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. चित्रपटसंगीतात नाव झालेला हा माणूस निधी सोपवून घरी बसला नाही, त्या मोहिमेत स्वतः उतरला. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले. ज्यासाठी मागायचे त्याची झळ स्वतःलाही लागू द्यायची, हा त्यांचा रिवाज होता.

उतारवयात त्यांनी सावरकरांवरच्या चित्रपटाचा ध्यास घेतला. तो लोकवर्गणीतून करायचा, हा निश्चय. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. सावरकरांच्या विचारांशी वाद घालणारे पुष्कळ आहेत, पण इथे मुद्दा वेगळा आहे. वर्गणी देणाऱ्याला दिलेला शब्द ऐंशी उलटलेला माणूस पाळत होता. चित्रपट २००१ च्या नोव्हेंबरात पडद्यावर आला. २९ जुलै २००२ ला बाबूजी गेले.

नुसत्या सद्भावनेवर निधी तडीला जात नाही, हे जगाने १९७१ सालीच पाहिले. पंडित रविशंकरांनी बांगलादेशच्या निर्वासितांची व्यथा सांगितली, गायक जॉर्ज हॅरिसन धावून आला आणि १ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम झाले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचे उत्पन्न मात्र करांच्या कचाट्यात वर्षानुवर्षे अडकून राहिले. उपाशी माणसाला तारीख पुढे ढकलता येत नाही. हॅरिसनची तळमळ खोटी नव्हती. कागद आधी नीट केलेले नव्हते.

आता एफएमवरचा निवेदक सकाळी कोणा मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी मदत मागतो, आणि ऑफिसच्या वाटेवर वारजे पुलाच्या गर्दीत अडकलेला माणूस तिथल्या तिथे मोबाइलवरून पाचशे रुपये पाठवतो. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. त्याने ना कागदपत्रे पाहिली, ना रुग्णालयाचे अंदाजपत्रक. रोजचा ओळखीचा आवाज ऐकला आणि पैसे दिले. त्याला पुढचे कळलेच पाहिजे: किती जमले, रुग्णालयाला किती दिले, उरले त्याचे काय झाले, मूल घरी गेले का. गल्लीतले गणेश मंडळसुद्धा अकरा रुपयांची पावती फाडते आणि वर्षाच्या अहवालात जमाखर्च छापते. लाखो श्रोत्यांच्या निवेदकाने तेवढे तरी करावे. मदतीचे आवाहन ज्या कार्यक्रमात झाले, त्याच कार्यक्रमात, त्याच वेळेला, त्याने स्वतः हिशोब वाचून दाखवावा; मग त्यासाठी एक गाणे कमी लागले तरी चालेल.